बाबांच्या ताटातले काटे

आम्ही दोघं नवराबायको जानेफळ सोडून कॅनडाला निघालो तेव्हा निरोपाला एवढी माणसं लोटली की एसटी एका अंगाला कलली, आणि कंडक्टरनं निम्म्या नातेवाइकांना पलीकडच्या बाजूनं रडायला लावलं. खोटं वाटत असेल तर गावात विचारा. तिथं माझ्यापेक्षा मोठी फेकणारे बसले आहेत. बाबा तेवढे रडले नाहीत. खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं समुद्र हाय म्हनते. मंग भेव कायचं?"

बाबा म्हणजे मासे खाण्यातले पैलवान. धरणातली रोहू पुढ्यात आली की एकीकडे गप्पा चालू, आणि ओठाच्या कोपऱ्यातून काटे असे बाहेर, जसं चरकातून उसाचं चिपाड. ते ताटाच्या कडेला ओळीनं मांडायचे. पंगतीत ज्याची ओळ लांब तो खरा खाणारा, हा आमच्या भावकीचा कायदा. मांजरांनी आमच्या घरी येणंच सोडलं होतं. बाबांनी चोखलेल्या काट्यावर त्यांना वासही मिळत नसे.

मग आई गेली. पाठोपाठ बाबांना लकवा मारला. हातपाय सावरले, पण डावा गाल बधिर राहिला. आम्ही त्यांना इकडे आणलं, आणि पहिल्याच आठवड्यात काटा घशात अडकून इमर्जन्सीत न्यावं लागलं. मी घाबरून एकही काटा नसलेलं फिलेट आणलं. बाबांनी दोन घास घेतले, कडेला मांडायला काहीच सापडेना, तसं ताट सरकवलं.

"हा मासा हाय का पनीर? एवढं म्हातारं केलं का बे मले?"

त्या दिवसापासून चहाबिस्किटावर. एकच धोशा, "मले गावाले पोचवून दे." गावात कुलूप लावलेलं घर. तिथं त्यांना कोण पाहणार? आणि इथं ते जेवत नव्हते. स्नो पडत होता आणि बाबा दिवसागणिक सदऱ्यात मावेनासे नव्हे, सापडेनासे होत चालले होते.

आता आमच्या शोभेचं ऐका. धाड गावच्या माळकरी घरातली लेक. लग्नाआधी मासा तिनं फक्त पंचांगातल्या मीन राशीत पाहिलेला. तिनं काट्यांसकट सॅमन मासा आणला, वाडगं पालथं घातलं आणि त्यावर माशाची फाक पसरली. मांस ताणलं की काट्यांची टोकं वर येतात, हे तिचं तिनंच शोधलं. डोळे मिटून बोट फिरवायची. अशी बोटं, की मुंगीच्या पायात काटा रुतला तर ती काढून देईल. मग भुवयांच्या चिमट्यानं, काटा ज्या अंगाला कललेला त्याच अंगाला अलगद ओढायचा. मांसाला ओरखडा नाही. एकूण एक बारीक काटा बाहेर. फक्त दोन जाडे काटे मुद्दाम तसेच ठेवायची, डोकं वर काढून उभे, बाबांना चष्म्याशिवाय दिसतील असे.

बाबांनी पहिला काटा चिमटीत धरला आणि चेहरा उजळला.

"सूनबाई, हा राह्यला व तुह्यानं. मी पाह्यला म्हनून बरं."

"चुकलंच बाबा," शोभा म्हणाली. मी हसू दाबलं तर टेबलाखालून पाय दाबला तिनं. त्या दिवशी बाबांनी भात दोनदा मागून घेतला. संध्याकाळी गावच्या काकांना फोन: "इथचा मासा लय काट्याचा. गोरे लोकं हातच नाही लावत. मी हाय म्हनून खाऊन राह्यलो."

अख्खा हिवाळा असाच गेला. परवा बाबांनी दुसरा काटा ताटाच्या कडेला ठेवला, हात पुसला आणि माशाकडेच पाहत म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून एकच ठेवत जाय. दोन काढाले आता दम लागते."

शोभा वाढायची थांबली. मग म्हणाली, "बरं बाबा," आणि भात वाढला.

तेवढ्यात काकांचा फोन आला. सगळ्या गावाचा तोच सवाल, घरी कधी येता?

"घरीच तं हाय," बाबा म्हणाले. "जेवून राह्यलो."