पोरीला शाळेत पाठवा

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एका बाईंचं दुकान आहे. तयार कपडे अंगाबरोबर करून द्यायचं काम. दुकान म्हणजे एक खिडकी, एक मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकाने उभं राहायला एक बुटकं लाकडी स्टूल. बाई कायम ओठांत टाचण्या धरून काम करतात, म्हणून मुलं त्यांना टाचणीमावशी म्हणायला लागली आणि मग मोठी माणसंही. वयाने त्या माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण मीही मावशीच म्हणतो.

आपल्या भाषेचं एखादं कुटुंब इकडे नव्याने राहायला आलं की कोणी ना कोणी त्यांना मावशींकडे पाठवतं. निमित्त पँटच्या लांबीचं किंवा कोटाच्या बाह्यांचं. स्टुलावर उभा राहिलेला माणूस टाचणी टोचेल या भीतीने हलत नाही, आणि मावशी त्याचा पुरेपूर फायदा घेतात. टाचण्यांच्या फटीतून सल्ले सुरू होतात.

"आधी सगळ्यांना चांगले बूट घ्या, कोटाचं नंतर बघू. पाय गार पडले की माणूस रडायला बसतो आणि म्हणतो, मला घरची आठवण येते."

"खोकी सगळी उघडा. दोन वर्षांनी परतच जायचंय म्हणून एक बांधून ठेवलंत, तर ते कोपऱ्यातून तुमच्याकडे बघत बसेल."

"काही काम नसताना एकदा बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि त्याच बसने परत या. मग हरवायची भीती राहत नाही."

"शेजाऱ्यांकडे काही द्यायला जाऊ नका, मागायला जा. चमचाभर साखर मागा. दिलं की लोक घाबरतात, आता परत काय द्यायचं म्हणून."

मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, तुम्ही दुपारी झोपू नका. मग रात्री झोप लागणार नाही, आणि पडल्या पडल्या सुनेच्या भांड्यांचे आवाज ऐकून त्यातून अर्थ काढत बसाल."

मी तेच करत होतो. त्यांना कसं कळलं कोण जाणे. त्या दिवसापासून दुपारी मी आणि माझी बायको त्यांच्या दुकानात जाऊन बसू लागलो. मी उसवलेले दोरे वेचायचो आणि बायको बटणं लावून द्यायची.

आम्ही दोघं मुलाकडे राहायला आलो त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मुलगा मालाच्या गोदामात पाळीवर जायचा, सून पाळणाघरात. नात, तिला आम्ही चिमणी म्हणतो, नऊ वर्षांची. आम्हा चौघांची जीभ इथल्या भाषेत अडखळायची आणि ही पोरगी सहा महिन्यांत पोपटासारखी बोलू लागली. घरी आलेली पत्रं ती वाचायची, फोन ती घ्यायची, नळ दुरुस्त करणाऱ्याशी हुज्जत ती घालायची. मुलगा कौतुकाने म्हणायचा, "आमच्या घरचा वकील आहे ही." वकीलही ऐटीत असायचा.

त्याच सुमाराला माझ्या बायकोला घास गिळताना त्रास होऊ लागला. आधी ती म्हणाली, इथला पावच कोरडा. मग पातळ खाऊ लागली. मग पातळही अडकू लागलं. मोठ्या दवाखान्यात नळी घालून तपासणी झाली आणि निकाल ऐकायला बोलावणं आलं.

ते ठरलं तेव्हा आम्ही मावशींच्या दुकानातच होतो. मुलगा स्टुलावर उभा होता, कामाच्या नव्या पँटची उंची घ्यायला. तो म्हणाला, "आई, मला त्या दिवशी सुट्टी नाही, हिलाही नाही. चिमणीची एक दिवस शाळा बुडू दे. ती येईल बरोबर. डॉक्टर काय म्हणतात ते तिला सगळं कळतं."

मावशी खाली गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या. त्यांचं सबंध तोंड मी पहिल्यांदाच बघत होतो.

"पोरीला शाळेत पाठवा," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, पण मग बोलणार कोण?"

"दवाखान्यात दुभाषी मिळतो. आधी फोन करून सांगावं लागतं, तो मी आत्ता करते. सोबत मी जाते."

"तुमचं दुकान?"

"दुकानाला पाय नाहीत. जाणार नाही कुठे."

मुलगा जरा दुखावला. "कोण कुठला परका माणूस मध्ये बसणार आणि आईच्या आजाराचं ऐकणार. त्यापेक्षा घरचं मूल बरं ना?"

"परक्याचं बरं असतं," मावशी म्हणाल्या. "तो संध्याकाळी स्वतःच्या घरी जातो." मग त्यांनी टाचण्या पुन्हा ओठांत घेतल्या. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मला बोलायला उशीरच लागतो.

ठरल्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्याच्या लांबलचक ओसरीत बसलो होतो. भिंतीला लागून खुर्च्या, समोर पाण्याचं यंत्र. आमचा नंबर यायला वेळ होता. बायकोला गप्प बसवत नाही. ती म्हणाली, "मावशी, आमच्या लेकाला त्या दिवशी फटकारलंत. का ते आता सांगा. इथे तुम्हाला टाचण्याही नाहीत लपायला."

मावशी आधी हसल्या. मग मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्या आणि त्यांचे यजमान इकडे आले तेव्हा लेक दहा वर्षांची होती. यजमान बेकरीत भट्टीवर कामाला. त्यांना खोकला लागला, तो जाईना. दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा दोघांनाही भाषा येत नव्हती, म्हणून लेकीला मध्ये बसवलं. डॉक्टर बराच वेळ बोलले. लेकीने एकदा काहीतरी परत विचारलं. डॉक्टरांनी परत सांगितलं. ती जरा वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिली आणि मग आईबापांना म्हणाली, "बाबांना विश्रांती हवी आहे. मग बरं वाटेल."

"आम्ही खूश झालो," मावशी म्हणाल्या. "येताना ह्यांनी तिला रंगीत पेन्सिली घेऊन दिल्या. तिने त्या घेतल्या, पण उघडल्या नाहीत. मला वाटलं, शाळेसाठी जपून ठेवते आहे. माझी सासू तेव्हा गावी होती. ह्यांचं रोज चालायचं, आईला भेटून येऊ. आणि मी म्हणायची, आधी बरे व्हा, मग जाऊ. घाई काय आहे."

बंद बोटावरून सोडवत त्या म्हणाल्या, "ते गेले. मायलेकांची भेट राहिलीच. नंतर एका जाणत्या माणसाला घेऊन मी डॉक्टरांना जाब विचारायला गेले. ते म्हणाले, बाई, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वेळ थोडा आहे. घरी आले. घरात समाचाराला माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी लेकीला विचारलं, तू का नाही सांगितलंस? तुझ्या बाबांना आई दिसली असती."

"मग?" बायकोने विचारलं.

"मग काही नाही. त्या दिवसापासून ती माझ्याशी आपल्या भाषेत बोललेली नाही. इथल्या भाषेत बोलते. नीट बोलते, प्रेमाने बोलते. मी ती भाषा शिकले ती गिऱ्हाइकांसाठी नाही, वहिनी."

तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

आत डॉक्टर होते आणि त्यांच्या शेजारी दुभाषी, एक शांत तरुण बाई. मावशी दाराशी बसल्या. डॉक्टर थांबून थांबून बोलले आणि त्या बाईने प्रत्येक वाक्य जसंच्या तसं आपल्या भाषेत आणलं. कुठे कमी केलं नाही, कुठे मऊ केलं नाही. घशाखाली गाठ होती आणि ती पसरली होती. बायकोने विचारलं, "पुढचा उन्हाळा बघीन का?" दुभाषी बाईने विचारलं, डॉक्टरांनी उत्तर दिलं. "बहुतेक नाही," ती म्हणाली.

बायकोने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग मला म्हणाली, "उन्हाळ्यासाठी हलक्या चपला घ्यायच्या म्हणत होतात ना तुम्ही? राहू द्या."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मुलाला तुम्ही सांगा. चिमणीला मी सांगते." आणि शाळा सुटल्यावर तिने खरंच सांगितलं, पोरीला मांडीजवळ घेऊन, साध्या शब्दांत. चिमणी खूप रडली. माझा मुलगा माझ्यावर चिडला की एवढ्या लहान पोरीला कशाला सांगायचं. पण पोरीला ते आजीकडून कळलं, आणि रडायला आजीचीच मांडी होती.

त्या हिवाळ्यात बायको जमेल तेव्हा दुकानात येऊन बसायची. बटणं लावणं सुटलं होतं. अशाच एका दुपारी मावशींची लेक आली. ती दुसऱ्या शहरात नोकरीला असते, अधूनमधून येते. उंच, शांत मुलगी. नवा कोट आणला होता, तो लांब होत होता. मावशींनी तिला स्टुलावर उभं केलं आणि टाचण्या ओठांत घेऊन खाली बसल्या. दोघी इथल्या भाषेत काहीबाही बोलत होत्या.

बायको खुर्चीतून बघत होती. तिचा आवाज बसला होता, तरी ती म्हणाली, "काढ गं त्या टाचण्या तोंडातून. लेकीला सांगायचं राहिलंय ते सांग. माझ्याकडे वेळ नाही, मला ऐकून जाऊ दे."

लेकीला ते कळलं. ती स्टुलावर ताठ झाली. मावशींनी टाचण्या काढल्या. मान वर केली नाही. कोटाच्या काठाला धरून आपल्या भाषेत म्हणाल्या, "त्या दिवशी तुला दवाखान्यात न्यायला नको होतं. ते मोठ्यांचं काम होतं. तुला लोकांसमोर बोलले, तेही चुकलं माझं."

लेकीने खाली आईच्या वाकलेल्या मानेकडे पाहिलं. मग तिने विचारलं, आपल्या भाषेत, शब्द चाचपत, दहा वर्षांच्या पोरीसारखे उच्चार करत, "बाबांना कळलं होतं का? माझ्याकडे बघून?"

मला वाटलं, मावशी हो म्हणतील. कोणीही म्हणालं असतं. त्या एका शब्दाने पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं, आणि खरंखोटं करायला कोण येणार होतं?

मावशींनी हातातला कोटाचा काठ सोडला. "नाही गं," त्या म्हणाल्या. "मला नाही वाटत. शेवटपर्यंत गावी न्यायच्या सामानाचंच बोलत होते."

लेकीने मान हलवली. "मलाही तेच वाटायचं," ती म्हणाली. गालावरून पाणी ओघळलं ते तिने बाहीला पुसलं. मग इथल्या भाषेत म्हणाली की डावीकडे कोट थोडा जास्त खाली आहे. तेवढं मलाही समजलं. मावशींनी डावी बाजू उचलली आणि टाचणी लावली. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

मावशी इस्त्री गरम करत होत्या. "तिनेही तेच केलं होतं ना, वहिनी."

माझी बायको उन्हाळ्याआधी गेली. चिमणीला सगळं माहीत होतं, त्यामुळे तिने आजीला विचारायचं काही राहू दिलं नाही. शेवटच्या दिवसांत रोज शाळेतून आली की ती पलंगाच्या कडेला आजीकडे पाठ करून बसायची. आजी दमत दमत तिला वेणी कशी घालायची ते शिकवायची, कारण सकाळच्या घाईत सुनेला वेळ नसतो. आता चिमणी स्वतःची वेणी स्वतः घालते. भांग थोडा वाकडा पडतो. मी काही सांगत नाही.