दोन बोटांचा पाना

“मनगट लावायचं न्हाय. मनगटाला काय कळत न्हाय.” पाना दोन बोटांत आणि अंगठ्यात धरून आमचे मिस्त्री हे सांगायचे, आणि समोरच्याला कळलं की नाही ते न बघता पुन्हा इंजिनावर वाकायचे.

कोल्हापुरात जुन्या बुलेटवाल्यांची एक जमातच आहे, तुम्हीही पाहिली असेल. घरच्यांपेक्षा गाडीच्या आवाजाकडे यांचं लक्ष जास्त. मी त्यातलाच. शाळेत भूगोल शिकवायचो, वडिलांची बुलेट चालवायचो आणि तिच्यातलं मला काडीचंही कळत नव्हतं. नव्वदच्या दशकात शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी उद्यमनगरात मिस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन स्टुलावर बसायचो.

इंजिनाच्या हेडचे नट ते कधी ओळीनं आवळत नसत. एक इकडचा, मग त्याच्या तिरकस समोरचा. थोडा थोडा, तीन फेऱ्यांत. मग इंजिन तापवायचं, पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आवळायचे. घाई करणाऱ्याला म्हणायचे, “पावणं, लग्नाला निघालाय काय? मग रिक्षानं जावा की.” मला एकदा म्हणाले, “मास्तर, पोरं तुमच्या नकाशाकडं बघत्यात, तसं तुम्ही इंजिनाकडं बघताय.”

पुढे काही वर्षांनी त्यांना शुगर निघाली. आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं. एवढंच दिसायचं की नट आवळून झाल्यावर ते त्याच्यावर बोट ठेवून बराच वेळ उभे राहतात. मग एका शनिवारी म्हणाले, “मास्तर, जरा हात लावून बघा. बसलाय?” मी हरखलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, मिस्त्री आता माझा सल्ला घेतात. ती म्हणाली, “त्यांची तब्येत बरी आहे ना?” आम्ही दोघंही हसलो.

नंतर ते दर शनिवारीच विचारू लागले. अशाच एका शनिवारी कागलच्या एका गिऱ्हाइकाची गाडी होती. हेडकडे तेल नेणाऱ्या नळीचा नट; जास्त आवळला तर आटे जातात, कमी आवळला तर तेल गळतं. मिस्त्रींनी आवळला आणि माझ्याकडे बघितलं. मला बारशाला जायचं होतं, अंगात नवा पांढरा शर्ट होता. मी लांबूनच नटाला नख टेकवल्यासारखं केलं.

“पक्का.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी पाना पुसून ठेवला.

हमरस्त्यावर तो नट सुटला. तेल मागच्या चाकावर आलं, गाडी घसरली आणि त्या गृहस्थांचा पाय गुडघ्यात कायमचा ताठला. त्यांचा भाऊ शेडमध्ये आला तेव्हा मी तिथंच होतो.

“कुणाच्या हातचं काम हे?”

“माझ्या,” मिस्त्री म्हणाले.

मी स्टुलावर बसूनच राहिलो.

महिन्याभरात शेड बंद झाली. खरं काय ते सांगायला म्हणून मी त्यांच्या घरी दोनदा गेलो आणि दोनदा चहा पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा तोंड उघडलं. “मिस्त्री, त्या दिवशी मी नीट…”

“मला दिसलं हुतं,” ते म्हणाले. “शर्टाला जपत हुता. दिसलं, तरी पाना ठेवला. परत आवळायचा तर किती आवळलाय हे मला कळणार कसं? शुगरनं बोटं मेलीत मास्तर, लई दिस झालं. सांगितलं असतं तर गाडी कोण देणार हुतं माझ्याकडं?”

चहाचा कप त्यांनी दोन्ही तळहातांत धरला होता, लहान मुलं धरतात तसा.

काही वर्षांनी मिस्त्री गेले. बाराव्याला मी गेलो तर कागलचे ते गृहस्थ आधीच येऊन सतरंजीवर बसले होते, ताठलेला पाय पुढे पसरून, शेजारी काठी.

“चोख माणूस,” ते मला म्हणाले. “उभ्या जन्मात एकदाच चुकला बघा. तुम्ही कोण त्यांचे?”

“गिऱ्हाईक,” मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही हातांनी आपला पाय उचलून बाजूला घेतला आणि मला शेजारी जागा करून दिली. मी बसलो.