ओसरीची फळी

वोन्जूमधल्या कू बोन-चोल सरांच्या तायक्वांदो शाळेत कोणी नापास होत नसे. पूर्वी होत असे. तेव्हा पट्टा हुकलेली पोरं रडत घरी जात आणि पुढच्या महिन्यात समोरच्या पियानोच्या क्लासात दिसत. आधीच गावात पोरं कमी, त्यात हॉलचं भाडं, शिवाय पोरांना शाळेतून आणणाऱ्या पिवळ्या गाडीचा खर्च. परीक्षांची फी आली तरच महिना निभायचा. म्हणून परीक्षेत मुठीने तोडायच्या फळ्या सर आदल्या दिवशी ओव्हनमध्ये खडखडीत वाळवत. मग त्या हात लागताच मोडत. आईबाप टाळ्या पिटत, फोटो काढत. सगळेच खूश, मग तक्रार कोण करणार?

त्या शनिवारी आठ वर्षांच्या ये-रिनचे आजोबा खेड्यातून परीक्षा बघायला आले. त्यांच्या काखेत कापडात गुंडाळलेली एक फळी होती.

"जुनं घर पाडलं, सर. ही तेवढी ओसरीची ठेवलीय. म्हटलं, नातीनेच तोडावी."

पाइनचं लाकूड, अंगठ्याएवढं जाड. कू सरांनी फळी बोटाने ठोकून पाहिली.

"आजोबा, हे नियमात बसत नाही हो."

"नियम काय घेऊन बसलात! मागच्या खेपेला एका दमात दोन तोडल्या तिने. सगळ्या गावाला फोटो दाखवलाय मी."

"तोडते ना मी," ये-रिन म्हणाली आणि चटईवर जाऊन उभीसुद्धा राहिली.

खरं सांगावं तर शाळेला कुलूप, गप्प बसावं तर पोरीचा हात जायचा. धीट माणसाने यातलं एक काहीतरी निवडलं असतं. सरांनी फळी उचलली, तिच्यासमोर धरली आणि बोटं सैल सोडली.

ये-रिनने आरोळी ठोकली. तिची मूठ बसली, फळी सरांच्या हातातून उडून मागे पडली. सर गुडघ्यावर बसून तिची बोटं एकेक करून चाचपू लागले.

"दुखतंय?"

"नाही. पण तुम्ही सोडलीत, सर. घट्ट धरा ना."

"होतं असं," आजोबांनी फळी उचलून पुन्हा सरांच्या हातात दिली. "या वेळी नीट धरा हं."

ये-रिनने मूठ मागे घेतली. तिला जराही भीती नव्हती, आणि सरांना सगळ्यात जास्त त्याचीच भीती वाटली. ही निर्भय पोर त्यांनीच तयार केली होती, ओव्हनमध्ये फळ्या भाजून.

त्यांनी फळी खाली ठेवली.

"नाही तुटायची, बाळा. ही खरी आहे."

मागे कुणाची तरी आई हलक्या आवाजात काही बोलली. ये-रिनची मूठ अजून तशीच वळलेली होती. तिने आधी फळीकडे पाहिलं, मग सरांकडे.

"मग मी तोडल्या त्या?"