काकूंकडच्या मुक्या बाया

आमच्या शेजारच्या काकूंइतकी पाहुण्यांची हौस असलेली बाई जालन्याच्या सगळ्या मस्तगड भागात मिळणार नाही. कुणी आलं नसलं तरी त्यांच्याकडे पाहुणे असतात. आणि चूक कधी त्यांची नसते. चहा कपाबाहेर सांडला तर कप बसका, सुईत दोरा गेला नाही तर सुई बनावट. दाराची सरळ चौकट मधोमध वाकडी दिसू लागली, तेव्हा त्यांनी सुताराला घरी बोलावून झापलं होतं. डोळे तपासू म्हटलं की म्हणायच्या, "डोळ्याला काय धाड भरली? तूच फिकट होऊन राह्यलीस."

गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवासाठी मी जरा लवकरच गेले. काकू एकट्याच, तबक घेऊन भिंतीपाशी वाकलेल्या. सतरंजी रिकामी. तिच्यामागे पांढऱ्या भिंतीवर मात्र हळदीकुंकवाची बोटं ओळीनं उमटलेली, बसलेल्या बाईचं कपाळ जिथे येईल तेवढ्याच उंचीवर. मी भिणारी बाई नाही, पण अंगावर काटा आला.

"काकू, कुणाला लावताय?"

"ह्या हिरव्या साड्यावाल्यांना. कव्हाच्या आल्यात. एवढ्या बाया अन् एकही बोलत न्हाई! जालन्याच्या बिलकुल न्हाईत ह्या."

"ओळखीच्या आहेत का? तोंडं बघा की."

"तोंडं कुठंयत त्यांना?" असं म्हणून काकूंनी त्यांच्यापुढे तिळगूळ धरला.

दुकानातून चहाला आलेले काका दारातच पांढरे पडले. उतारा टाकू, भगताला बोलवू, म्हणाले. मी म्हटलं, "आधी डोळ्यांचा डॉक्टर."

डॉक्टर म्हणाले, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला सूज आली आहे. नजर अशी कमी झाली की काहींचा मेंदू रिकाम्या जागी स्वतःची चित्रं भरतो. हे वेड नाही, भूतही नाही. लोक वेड्यात काढतील म्हणून पुष्कळजण सांगतच नाहीत. डावा डोळा हाताबाहेर गेलाय. उजवा इंजेक्शनांनी वाचू शकेल, पण उशीर नको.

काकू सुईला घाबरल्या नाहीत. "मंग त्या बाया जातील का?" एवढंच विचारलं. "बहुतेक," म्हटल्यावर बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या.

"पोरं पुण्याला, हे दुकानात. मला कोण हाय गं?"

शेजारीण मी. त्यांना दंडाला धरून आत नेलं.

उजवा डोळा वाचला. आता त्या मला फाटकातच ओळखतात, आणि मी रोज चहाला जाते. काल डावीकडे बसायला गेले तर म्हणाल्या, "तिथं नको. एकजण राह्यलीय."

मी उजवीकडे सरकले. "घालवून द्या की तिला."

"असू दे," काकू हळूच म्हणाल्या. "तिला तरी कुठं जायचंय."