कुशनमास्तर घाट चढतात

लोकांना बसायला मऊ मिळावं म्हणून कुशनमास्तर एकतीस वर्षं राबले. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दुकान कसलं, एक लांबट खोली. तिच्यात पोट फाडलेले सोफे, स्प्रिंगांच्या टोपल्या, काथ्याचे भारे, फोमचे थर आणि फरशीवर कायम सांडलेले बारीक खिळे. मास्तर मूठभर खिळे तोंडात धरून काम करायचे. जिभेनं एकेक खिळा ओठांपर्यंत आणायचा आणि हातोडीनं ठोकायचा. तोंडात खिळे असतील तेवढाच वेळ ते गप्प, बाकी वेळ तक्रार. फोम पूर्वीसारखा येत नाही, दोऱ्यात दम नाही, गिऱ्हाईक कापड घरून आणतं आणि तेही नेमकं अर्धा मीटर कमी. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. ती म्हणायची, "यांच्या तोंडाचा पट्टा ज्या दिवशी थांबेल, त्या दिवशी मी डॉक्टरला बोलावीन."

अशा माणसाच्या घरात सायकल आली, ती जावयामुळे. लेक आणि जावई दोन वर्षांसाठी परदेशी नोकरीला निघाले. जाताना जावयानं आपली रेसची सायकल सासऱ्यांच्या दुकानात भिंतीला टांगली आणि बजावलं, "बाबा, नुसती ठेवू नका. आठवड्यातून एकदा तरी फिरवा. पडून राहिली की टायर चिरतात."

जावयाची वस्तू, नाही कसं म्हणणार? मास्तर हो म्हणाले आणि विसरले. पण दर रविवारी फोन यायचा. "बाबा, सायकल कशी आहे?" इतक्या काळजीनं तर कुणी आजारी माणसाचीही चौकशी करत नाही. तीन रविवार मास्तरांनी "मजेत आहे" असं सांगून वेळ मारून नेली. चौथ्या रविवारी जावयानं विचारलं, किती किलोमीटर झाले? खोटं बोलायला आकडा लागतो, आणि आकड्यांची बाई शेजारीच बसलेली.

"शून्य," ती फोनमध्ये म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी सायकल खाली काढली. शाळेत असताना त्यांनी सायकल चालवली होती, पण ती सायकल म्हणजे चाकं लावलेली खुर्ची. या सायकलचं हँडल इतकं खाली, की तिच्यावर बसलेला माणूस हरवलेलं काहीतरी रस्त्यावर शोधतोय असं वाटावं. सीट त्यांनी धंद्याच्या सवयीनं बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली. टक्क आवाज आला. सीटमधून टक्क आवाज येतो, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

त्यात ते बूट. जावयाचे बूट नेमके सासऱ्यांच्या मापाचे निघाले. त्यांच्या तळाला एक खटका होता. तो पेडलमध्ये अडकायचा आणि पाय सोडवायचा तर टाच बाहेर वळवायची. जावयानं हे नीट समजावलं होतं. पहिल्या सिग्नलपर्यंत मास्तर ते विसरले. दिवा लाल झाला, ब्रेक लागला, सायकल थांबली, पाय सुटेना. बुंध्यापाशी तोडलेलं झाड पडतं तसे मास्तर सावकाश डावीकडे आडवे झाले. बसस्टॉपवरची आठ-दहा माणसं आ वासून बघत राहिली. एक बाई धावत आल्या.

"चक्कर आली का हो?"

"नाही," मास्तर आडव्यानंच म्हणाले, "थांबलोय."

त्या रविवारी फोनवर तक्रारींचा पाऊस पडला. "वेगात पडलो असतो तर लोक हळहळले तरी असते. उभ्या उभ्या पडलो. त्याला अपघात तरी कसं म्हणायचं? आणि मान वर करून रस्ता बघायचा, म्हणून मान धरली. मान धरली म्हणून रात्री उताणं झोपावं, तर उताणं झोपायची सोय त्या सीटनं ठेवलेली नाही."

लेक हसून हसून बेजार. "मग सोडून द्या ना बाबा."

"सोडून कसं देणार? टायर चिरतात."

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको पलीकडून वह्या तपासता तपासता म्हणाली.

हे मात्र मास्तरांना लागलं. नाचणं राहू दे, अंगण सरळ करायचा तर आपला धंदाच आहे, असं त्यांच्या मनानं घेतलं. दुकानातला सगळ्यात चांगला फोम त्यांनी काढला, तीन थर चिकटवले, वर जांभळं मखमली कापड ताणलं, कडेनं गोट फिरवला. सीट अशी दिसायला लागली, की तिच्यावर बसण्याऐवजी तिला बसायला सांगावं. मास्तर त्या दिवशी छाती काढून बारा किलोमीटर गेले. येताना मात्र उभ्यानंच पेडल मारत आले. रात्री ते उभ्यानं जेवले. दुकानात नव्यानं भरलेल्या नऊ खुर्च्या होत्या आणि त्यातल्या एकीवरही मालकाला टेकवेना. अंगाच्या दुखण्यापेक्षा हे दुखणं मोठं होतं. त्यांची विद्या फसली होती.

चार दिवसांनी दुकानात पोस्टातल्या बाई आल्या. पोस्टातून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना पोस्टातल्या बाईच म्हणायचे. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या भरायला टाकायच्या होत्या. कापड निवडता निवडता त्यांची नजर भिंतीकडे गेली, आणि खुर्च्या राहिल्या बाजूला.

"मास्तर, त्या बिचारीच्या डोक्यावर उशी कुणी बांधली?"

मास्तरांनी सगळी कर्मकहाणी सांगितली. बाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाल्या, "खुर्चीवर आपण बसतो. सायकलवर नुसतं टेकायचं असतं, भार सगळा पायांवर. तुम्ही मऊ केलंत, म्हणून तुम्ही आत रुतलात. जिथं टोचायला नको तिथंच टोचणार. आणि सीट किती खाली ठेवलीत? आणा पाना."

त्यांनी स्वतः सीट चार बोटं वर घेतली. जांभळी मखमल मास्तरांनी आपल्या हातानं उसवली. एकतीस वर्षांत स्वतःचं काम स्वतः उसवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. हात जरा जड झाला, पण उसवलं.

"मी रविवारी सकाळी सायकल घेऊन जाते," बाई निघताना म्हणाल्या. "आम्ही अकरा जण आहोत. या तुम्ही. आणि ती आत गादी शिवलेली घट्ट चड्डी मिळते ना, ती घ्या. तिच्या आत काही घालायचं नाही."

मास्तरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चड्डी आणली खरी, पण गल्ली संपेपर्यंत तिच्यावर पँट घालून जायचे आणि कोपऱ्यावर पँट घडी करून पाठीवरच्या पिशवीत टाकायचे. तिसऱ्या रविवारी पँट सायकलच्या साखळीत अडकली आणि फाटली. त्या दिवसापासून लाज संपली.

रविवारच्या त्या टोळीत मास्तर कायम शेवटी. पोरांनी त्यांना 'शेपूट' म्हणायला सुरुवात केली. मास्तर पोचेपर्यंत बाकीच्यांचा चहा होऊन जायचा आणि मास्तरांनी चहाचा कप तोंडाला लावला, की ते निघायचे. म्हणजे सगळ्यात कमी विश्रांती सगळ्यात थकलेल्याला. यावर मास्तरांनी टोळीला एक अख्खं भाषण दिलं. बाटलीतलं पाणी खारट का, केळी सोडून जगात फळं नाहीत का, चाळीस किलोमीटर चालवून दमल्यावर माणसं घरच्या गप्पा सोडून गिअरच्या गप्पा का मारतात, यावरही भाषणं दिली. सगळे पोट धरून हसायचे. पण मास्तर एकही रविवार चुकवत नव्हते, हे फक्त पोस्टातल्या बाईंनी हेरलं होतं.

पाचव्या महिन्यात टोळीची वर्षातली मोठी फेरी ठरली. शहराबाहेरचा घाट, नऊ किलोमीटर सलग चढ, माथ्यावर पाण्याची मोठी टाकी. सामानासाठी एक टेम्पो बरोबर असणार होता. कोण कुठपर्यंत सायकलनं जाणार याची यादी वाचली गेली. मास्तरांचं नाव टेम्पोत होतं. घाटाच्या पायथ्यापर्यंत सायकल, पुढे टेम्पो.

"माझं नाव चुकून तिकडे पडलंय," मास्तर म्हणाले.

यादी करणारे दातांचे डॉक्टर होते. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "मास्तर, चढ फार आहे हो. तुमच्या सोयीसाठीच केलंय."

मास्तर काही बोलले नाहीत. घरी आल्यावरही बोलले नाहीत. बायकोनं दोनदा त्यांच्याकडे पाहिलं. "डॉक्टरला बोलावू का?"

"डॉक्टरनंच केलंय हे," मास्तर म्हणाले.

फेरीच्या दिवशी पायथ्याशी टेम्पोचं मागचं फळकूट उघडलं. मास्तर त्याच्या बाजूनं सरळ पुढे गेले. पोस्टातल्या बाई नुसत्या म्हणाल्या, "सगळ्यात हलक्या गिअरवर. घाई नको. पाय टेकला नाही तर चढलो म्हणायचं." आणि त्या पुढे निघून गेल्या.

पहिल्या दोन किलोमीटरांतच टोळी वळणाआड गेली. टेम्पोवाला माणूस भला होता. तो मास्तरांच्या मागे मागे, माणूस चालतो त्या गतीनं येत राहिला. किलोमीटरच्या तिसऱ्या दगडापाशी त्यानं मान बाहेर काढली. "मास्तर, बसा आता. कुणाला सांगत नाही मी."

मास्तरांचा श्वास भात्यासारखा चालला होता. मांड्या पेटल्या होत्या. घामानं डोळे चरचरत होते. तरी त्यांनी बोलायला तोंड उघडलं, आणि उघडलं तसं एकेका पेडलाला एकेक तक्रार बाहेर पडायला लागली. "हा रस्ता. कुणी बांधला. सरळ का. नाही नेला. ही वळणं. कशाला हवीत. हे हेल्मेट. डोक्यात उकडतं. तो डॉक्टर. माझ्या सोयीचं बघतो." बोलता बोलता श्वासाला ताल आला. उजव्या पायाला अर्धं वाक्य, डाव्याला अर्धं. मागे टेम्पोवाल्यानं गाणं बंद केलं आणि तो ऐकत बसला.

सहाव्या दगडाच्या पुढे वळणावर दातांचे डॉक्टर भेटले. पिसासारखी हलकी सायकल कठड्याला टेकवून ते दगडावर बसले होते. चेहरा चुन्यासारखा.

"मास्तर, थांबा जरा. पुढे खडा चढ आहे."

"थांबलो की मी पडतो," मास्तर म्हणाले, आणि तसेच पुढे गेले. वळण पार झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण कुणालातरी मागे टाकलं. पाच महिन्यांत प्रथमच त्यांच्या मागे टेम्पोशिवाय कुणी होतं.

खडा चढ खरोखर खडा होता. तिथं तक्रारीही संपल्या. पुढचं चाक, त्याच्यापुढचा हातभर रस्ता, एवढंच जग उरलं. एक पेडल खाली, दुसरं खाली. सायकल कलते की काय असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा मास्तरांनी दातओठ खाऊन ती सरळ केली. मग वरून टाळ्या ऐकू आल्या. टोळीतले सगळे रस्त्याच्या कडेला उतरून आले होते. 'शेपूट' नाव ठेवणारी पोरं सगळ्यात पुढे. पोस्टातल्या बाई टाकीच्या भिंतीशी उभ्या होत्या, हात कमरेवर.

मास्तरांनी टाकीच्या भिंतीला हात लावला, मगच टाच वळवून पाय खाली ठेवला. खाली सगळं शहर पसरलेलं. त्यांना आपला बाजार शोधायचा होता, पण डोळ्यांत घाम होता, आणि नुसता घामच नव्हता.

"पाय?" बाईंनी विचारलं.

"नाही टेकला," मागून टेम्पोवाल्यानंच छातीठोक साक्ष दिली. "मी आहे ना."

उतरताना मास्तर कुणासाठी थांबले नाहीत. चढायला पावणेदोन तास लागलेला रस्ता वाऱ्यासारखा खाली आला. वळणावर अंग कललं की सायकल आपोआप कलायची. कानात वारा, आणि मास्तर चौपन्नाव्या वर्षी पोरासारखे ओरडत होते. टेम्पो कधीच मागे पडला होता.

पायथ्याशी बसथांब्याच्या बाकावर बायको बसलेली दिसली. न सांगता आली होती, मांडीवर तपासायच्या वह्या.

"चढलात?"

"नऊच्या नऊ."

ती उठली, त्यांचं तिरकं झालेलं हेल्मेट सरळ केलं आणि क्षणभर हात तिथंच ठेवला. मग बस आली. ती खिडकीशी बसली आणि मास्तर बसच्या शेजारून निघाले. पहिल्या थांब्यावर बस थांबली, मास्तर पुढे गेले. दुसऱ्या थांब्याआधी बसनं त्यांना गाठलं, बायकोनं खिडकीतून हात केला, आणि बस पुन्हा थांबली. असं चार वेळा झालं. शेवटच्या सिग्नलनंतर मास्तरांनी मागे वळूनही पाहिलं नाही. बायको घरचा जिना चढून वर आली, तेव्हा ते त्याच घट्ट चड्डीत शेगडीपाशी उभे होते. चहा उकळत होता आणि साखर कुठं ठेवतेस म्हणून त्यांची तक्रार चालली होती.