बैल सुटला होता

माझ्या मनूवहिनीला अख्खी आळी भित्री म्हणायची. मीही म्हणायचे. आता कुणी तसं म्हटलं तर मी भांडायला उठते. पण तिची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या स्लॅबची सांगायला हवी.

कराडला लागून आमचं मलकापूर. ऊस बरा पिकत होता, थोरला भाऊ जोतिबा पलटणीत होता, आणि आमच्या वडिलांनी, म्हणजे आप्पासोंनी, एकाहत्तर साली आळीतलं पहिलं स्लॅबचं घर बांधलं. त्या स्लॅबचं त्यांना पोटच्या पोरापेक्षा कौतुक. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला जिन्यानं वर नेत, टाच आपटून दाखवत आणि म्हणत, "हत्ती नाचवा, हत्ती!" आमच्या आळीत हत्ती कधी फिरकला नाही, पण पाहुणे बिचारे मान डोलवत.

त्र्याहत्तरच्या वैशाखात वहिनी या घरात आली. कोयनानगरच्या पलीकडच्या एका वाडीतली. माप ओलांडून आत आली, वर पाहिलं, आणि शेजारी करवली म्हणून उभ्या असलेल्या मला हळूच विचारलं, "वन्सं, ह्याचं वजन किती असंल वो?"

मी सोळा वर्षांची. मला हसू आवरेना. मी ते आईला सांगितलं, आईनं शेजारच्या धोंडुबाईला, आणि धोंडुबाईला सांगितलं म्हणजे गावात दवंडीच पिटली. संध्याकाळपर्यंत 'जोतिबाची बायकू स्लॅबला भिती' हे पाणवठ्यापर्यंत पोचलं होतं.

सदुसष्ट सालच्या डिसेंबरात कोयनेला मोठा धरणीकंप झाला, तेव्हा वहिनी तेरा वर्षांची होती. पहाटे घराची दगडी भिंत आणि आढं तिच्या अंगावर आलं. कोपऱ्यात जरा पोकळी राहिली, तिच्यात ती उन्हं वर येईपर्यंत अडकून पडली. वरून माणसं तिच्या नावानं हाका मारत फिरत होती. तिला सगळं ऐकू येत होतं, पण तोंडात माती गेलेली, आवाज फुटत नव्हता. शेवटी चुलत्याला ढिगाऱ्यात तिची वेणी दिसली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता, आणि मग पुढची शेंग फोडायला घेतली.

आमच्या घरी ती कुठल्याच दाराला कडी लावू देत नसे. प्रत्येक खोलीत पाण्याचा तांब्या भरून ठेवायची आणि त्यावर फुलपात्र पालथं घालायची. मला वाटलं, काय टापटिपीची बाई आहे! एकदा मी पाणी पिऊन फुलपात्र नीट बसवून ठेवलं, तर ती मागून आली आणि तिनं ते पुन्हा कडेवर तिरकं, डुगडुगतं ठेवलं. तेव्हा कळलं, ते पाणी पिण्यासाठी नव्हतंच. भुई जरा हलली की फुलपात्र वाजणार, आणि ते वाजलं की पळायचं. दारावरून उसाचा ट्रक गेला तरी ते वाजायचं. मग वहिनी हातातलं काम टाकून अंगणात. परत येताना ओशाळून हसायची आणि विचारायची, "हाललं का वो?" पुढं पुढं आळीतल्या बायका तिला बघितलं की आपणच विचारायच्या, "काय मनूबाई, हाललं का?"

झोपायची ती गोठ्यात. गाय व्यायला झालीय, लक्ष ठेवायला हवं, असं म्हणून गेली. गाय व्याली, वासरू उड्या मारायला लागलं, तरी वहिनी गोठ्यातच. गोठ्यावर गवताचं छप्पर होतं, ते पडलं तरी माणूस मरत नाही, हा तिचा हिशेब. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही, पण तिचा ब्रह्मराक्षस तिनं डोळ्यांनी पाहिलेला होता. आम्ही मात्र तिला वेड्यात काढत होतो.

आप्पासोंना हे फार लागलं. हत्ती नाचवायच्या घराची सून गोठ्यात निजते! चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात जोतिबादादाचं पत्र आलं, दिवाळीला दोन महिने रजेवर येतोय म्हणून. आप्पासोंनी ते वाचलं, घडी घातली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "त्यो यायच्या आत सून घरात निजली तर आमची. न्हाई तर कोयनंला पोचवून येतो. मग न्यायला कुनी जायाचं न्हाई."

आमच्या वडिलांनी बोललेला शब्द कधी गिळलेला मी पाहिला नव्हता. आणि कोयनेला तरी तिचं काय होतं? पत्र्याची शेड, आणि महिन्या-दोन महिन्यांनी हलणारी भुई. त्या दिवशी भांडी घासताना ती मला म्हणाली, "तितं खालनं हालतंय, हितं वरनं दाबतंय. मी जाऊ कुटं, वन्सं?" पहिल्यांदाच मला तिच्यावर हसल्याची लाज वाटली.

मग उपाय सुरू झाले. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या. देवऋष्यानं लिंबू दिलं, ते तिनं उशाला घेतलं, पण गोठ्यातल्या उशाला. धोंडुबाईनं जायफळ उगाळून द्यायला सांगितलं. त्यानं वहिनीला झोप आली ती भर दुपारी, भाकरी थापताना. शेवटी आईच्या माहेरच्या ओळखीनं आम्ही तिघी एसटीनं सांगलीला, चिंतामण वैद्यांकडे गेलो. माणूस शांत. नाडी पाहिली, ब्राह्मीचा काढा दिला, पोटापासून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, आणि काशाच्या वाटीनं तळपायांना तूप चोळायला सांगितलं. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि अदबीनं विचारलं, "वैद्यबुवा, तुमचं घर कवलारू हाय न्हवं?" वैद्यांनी वर पाहिलं. कौलारूच होतं.

तरी काशाची वाटी मी सोडली नाही. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारात बसून मी तिचे तळवे चोळायची. तूप काळं पडायचं, तिचा श्वास हळू व्हायचा, डोळे मिटायचे. बरं वाटतंय म्हणायची. "चला की मग आत," असं मी म्हटलं की पायाची बोटं आखडून घ्यायची.

गुण आला तो तिसऱ्याच गोष्टीनं, आणि तोही न ठरवता. गौरीच्या दोन दिवस आधी वीज गेली. गावातली पिठाची चक्की बंद. कोयनेची वीज आमच्या उशाशी तयार होते, आणि अंधार आम्हालाच. पुरणपोळ्यांना पीठ नाही म्हटल्यावर आईनं गोठ्यामागं पडलेलं जातं काढायला लावलं. धुऊन स्वयंपाकघरात मांडलं आणि वहिनीला दळायला बसवलं.

मी समोर गहू निवडत होते. जातं फिरायला लागलं आणि शेजारच्या तांब्यावरचं फुलपात्र किणकिणायला लागलं. आता ही पळणार! वहिनीचं लक्ष तिकडं गेलं. तिनं हात थांबवला. फुलपात्र गप्प. पुन्हा जातं फिरवलं. फुलपात्र वाजलं. नवं बटण हाताला लागलेल्या पोरासारखं तिनं ते तीन-चार वेळा करून पाहिलं, आणि मग अशी हसली की तिचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"वन्सं," ती म्हणाली, "आता मीच हालवतीया!"

त्या दिवसापासून वहिनी रोज दळायला लागली. वीज आली, चक्की सुरू झाली, तरी जातं स्वयंपाकघरातून हललं नाही. आप्पासो कुरकुरले, "दारात चक्की आन घरात जातं? लोक हसतील." आईनं त्यांना एका वाक्यात गप्प केलं, "सून घरात बसती न्हवं? मग दळू द्या." दळून झाल्यावर हाताला मुंग्या असेतोवर वहिनी आत थांबायची. पुढं दुपारची तिथंच कलंडायला लागली. दसऱ्याला तिनं अंथरूण गोठ्यातून उचललं आणि जात्याशेजारी टाकलं. निजताना एक हात खुंट्यावर असायचा. दार मिटू नये म्हणून आईनं स्वतः फटीत वीट सरकवून ठेवली. सुटली असं मात्र मी म्हणणार नाही. दावं तेवढं जरा लांब झालं होतं. पण आप्पासोंची अट पुरी झाली, आणि मला वाटलं, जिंकलो.

दादा आला. घरात चिवडा-चकल्यांचा वास, वहिनीच्या डोक्यावरचा पदर ताठ. पाडव्याच्या दुपारी जेवणं झाली होती. आप्पासो आणि दादा पुढच्या सोप्यात लवंडले होते, आई पान लावत होती. वहिनी कडबोळ्यांचं पीठ दळत होती आणि मी तिच्याजवळ बसून चाळत होते.

आधी खालून गुरगुर आली, मग भुईनं अंग झटकल्यासारखं केलं. असले बारीक धक्के आमच्याकडे अधूनमधून येत, पण हा मोठा होता. फळीवरचे डबे एकमेकांवर आपटले. मी चाळण टाकली आणि पळाले. अंगणात आले तेव्हा आईला हाताला धरून दादा बाहेर आलेला होता. आणि सगळ्यांच्या पुढं, तुळशीपाशी, पटका नाही, पायात वहाण नाही, असे आमचे आप्पासो उभे होते.

आतून जात्याची घरघर येत होती.

"मनू!" दादा ओरडला. "मनू, भाईर ये!" आईनं हाक मारली. मीही मारली. जातं चालूच. दादा दाराकडे निघाला, तर आप्पासोंनी त्याचं मनगट धरलं. "थांब रं! पडंल!"

हत्ती नाचवायचा स्लॅब. ते स्वतःच म्हणाले, पडंल. दादानं हात सोडवून घेतला नाही. सीमेवर राहून आलेला माणूस स्वतःच्या अंगणात उभा राहिला. आम्ही सगळेच उभे राहिलो आणि हाका मारत राहिलो.

मग सगळं थांबलं. जरा वेळानं जातंही थांबलं. वहिनी उंबऱ्यात आली, कोपरापर्यंत पीठ माखलेली. आमच्याकडे पाहत म्हणाली, "काय झालं वो?"

तिला कळलंच नाही, जात्याच्या नादात कळलंच नाही, हे एकदमच आम्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. खरं सांगावं, तर जात्यावरचा तिचा विश्वास उडणार. मग कुठलं जातं आणि कुठलं घर? मी तोंड उघडायच्या आत आप्पासो बोलले. उभ्या आयुष्यात त्यांना खोटं बोलताना मी तेवढंच ऐकलं.

"बैल सुटलावता," ते म्हणाले.

बैल दावणीला बसून रवंथ करत होता. वहिनीनं त्याच्याकडं पाहिलं, मग आमच्याकडं पाहिलं. "बांदला न्हवं? बरं झालं," म्हणाली आणि आत गेली. पुन्हा घरघर सुरू झाली.

त्यानंतर आप्पासोंनी कुठल्या पाहुण्याला स्लॅबवर नेलं नाही. कोयनेला पोचवायची भाषा त्यांच्या तोंडून पुन्हा निघाली नाही. त्यांच्या उशाशी तांब्या आला आणि तांब्यावर तिरकं फुलपात्र. दादा दुसऱ्या दिवशी कराडला जाऊन वहिनीला लुगडं घेऊन आला. ते देताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं मुकाट्यानं घेतलं आणि नेसलं.

शहात्तर साली माझं लग्न झालं, सांगलीकडे दिलं. पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा मी पार मिटून गेले होते. सासर वाईट नव्हतं, पण त्या घरात संध्याकाळी दारं लागली की माझी छाती दडपायची आणि हे कुणाला सांगावं कळायचं नाही. वहिनीनं न विचारता काशाची वाटी आणली, तूप घेतलं आणि माझा पाय मांडीवर ओढला. मी ओढून घ्यायला लागले, तर म्हणाली, "गप बसा. उलटं झालं म्हनून काय झालं?"

मी म्हटलं, "वैनी, तुमी कसं निभावलं हो? मला तर जातंबी न्हाई."

ती वाटी फिरवत राहिली. मग म्हणाली, "बैल दावणीला हुता, वन्सं. मला दिसला की."

"म्हंजे तुमाला कळलंवतं?"

"जातं कसं हालतंय आन भुई कशी हालती, मला कळंना व्हय? तेराव्या वर्षापासनं मी दुसरं काय शिकले?"

"मग उठला का न्हाई? आमी किती हाका मारल्या!"

"ऐकू आल्या. तवाबी आल्यावत्या, ढिगाऱ्यात." तिनं माझा दुसरा पाय मांडीवर घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "वाट बघत हुते."

"कशाची?"

"कुनी आत येतंय का त्याची."

ती खाली मान घालून तूप चोळत राहिली. मला दिसत होती ती त्या पाडव्याला माझ्या हातून पडलेली चाळण. ती तिच्या गुडघ्याला लागून पडली होती. पळताना मी नुसता हात पुढं केला असता, तरी तिचा हात माझ्या हातात आला असता.