दोन नावं, एकच जीव

बुरशीच्या अभ्यासात माझ्या नावावर काम एकच. भाताच्या पानावर डाग पाडणारी एक बुरशी आणि कुजक्या पेंढ्यावर काळे दाणे धरणारी दुसरी, अशा दोघींना जुन्या अभ्यासकांनी वेगवेगळी नावं दिली होती. मी दाखवून दिलं, की दोन नाहीत, एकच आहे. लोक अजून शाबासकी देतात. द्या बापहो, मला मात्र ती ऐकवत नाही.

तेव्हा भिलाईत कारखाना उभा राहत होता. बाबा तिथं कामाला, आम्ही सेक्टरमधल्या नव्या क्वार्टरात. शेजारच्या कोहका गावाच्या शेतबांधांवर रोगट पानं गोळा करायला धाकटी बहीण माझ्याबरोबर यायची. "कावून रे, मेल्या पानाले इतका जपून राहिला?" म्हणून चिडवायची, अन् ती पानं वहीत नीट दाबून ठेवायचीही तीच.

लग्नात मेव्हण्यांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. ती हळूच मला म्हणाली, "आता मले कोनत्या नावानं हाक मारशीन?" मी शहाणपणा पाजळला, "नावं दोन असली तरी जीव एकच ना!" घरी आम्ही जुनंच नाव घेत राहिलो. नवं नाव वर्षभरात मी साफ विसरलो.

एका दुपारी मी घरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलो होतो. पानावरच्या बुरशीच्या एकाच बीजाणूपासून वाढवलेल्या बुरशीवर ते काळे दाणे धरले होते! तेवढ्यात तारवाला आला. बाबांच्या नावानं गोंदियाहून तार, अमुक नावाची कोणी बाई सीरियस, लगेच निघा. पाठवणारा अनोळखी. गोंदियाकडची तर सेक्टरातली निम्मी घरं, त्यात बाबांच्याच नावाचे आणखी एक गृहस्थ पलीकडच्या रस्त्यावर राहायचे. "या नावाचं आमच्यात कोणी नाही," म्हणून मी तार त्यांच्याकडे धाडली आणि पुन्हा काचेवर वाकलो.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थच तार घेऊन आले. मी वैतागून ती मोठ्यानं वाचली. नाव ऐकताच आई चुलीपासून ताडकन उठली. "अरे मुडद्या, हे तं आपलीच पोर होय!"

गोंदियापलीकडच्या तिच्या सासरच्या खेड्यात पोचलो तेव्हा चिता विझत आली होती. बाळंतपणात गेली. दीड दिवस दाराकडे बघत होती म्हणे. मी तिच्या जुन्या नावानं जोरानं हाक मारली. सासरची माणसं एकमेकांना विचारू लागली, "हा कोनाले बोलावून राहिला?"